एका घरात दोन पंप, दोहोंची रीत उलटी

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका गावातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील मुख्य मजकूर असा : त्यांच्या ६४ वर्षांच्या सासूबाईंना अनेक वर्षांपासून दमा आहे. सासरे २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाच्या टिप्परवर चालक होते, विड्याही ओढत असत. त्यांना आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार, असल्याचे निदान झाले आहे. सासूबाईंना श्वासातून औषध घ्यायचे दोन पंप (इन्हेलर) दिले आहेत आणि सासऱ्यांना कॅप्सूल घालून ओढायचे यंत्र. "दोघांनाही औषध लागू पडत नाही," असे त्या लिहितात. "आई पंप घेतात तेव्हा तोंडातून आणि नाकातून धुरासारखे बाहेर येते. बाबांच्या कॅप्सूलमध्ये पावडर तशीच चिकटून राहते. निळा पंप दीड महिन्यात संपतो, दुसरा मात्र शिगम्याच्या (होळीच्या) आधी आणलेला अजून संपलेला नाही. शेजारी म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही." मागच्या महिन्यात एका रात्री सासूबाईंना जोराची धाप लागली, नातवंडांच्या हाती लागू नये म्हणून पंप कपाटात ठेवलेला होता, आणि किल्ली सापडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. औषधाची वाफ देणारे नेब्युलायझरचे मशीन विकत घ्यावे का आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत काय काळजी घ्यावी, हेही त्यांनी विचारले आहे.

ताई, आपण जे पाहिले आणि जसेच्या तसे लिहून पाठवले, त्यातच आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आहेत. तोंडातून येणारा धूर, कॅप्सूलमध्ये उरलेली पावडर आणि पाच महिने न संपलेला पंप या खुणा स्पष्ट सांगतात की औषध निकामी ठरलेले नाही, ते फुप्फुसांपर्यंत पोचतच नाही. म्हणून औषध बदलण्याचा किंवा वाढवण्याचा विचार करण्यापूर्वी ते कसे घेतले जाते हे कोणीतरी समोर बसून पाहणे आवश्यक आहे. "पंप दिला, पण कसा घ्यायचा ते कोणी दाखवले नाही," ही आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.

ही गोष्ट मी स्वतः उशिरा शिकलो. दवाखाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका वृद्ध गृहस्थांचे औषध मी लागोपाठ तीन भेटींत वाढवले. चौथ्या भेटीत त्यांना म्हटले, "कसा घेता ते मला एकदा दाखवा." त्यांनी टोपण काढले, आ वासला, जिभेवर फवारा मारला, घोट गिळला आणि वर पाणी प्यायले. इतके महिने ते औषध पोटात जात होते, आणि त्यांचा दम मी चिठ्ठीवरचे आकडे वाढवून कमी करू पाहत होतो. तेव्हापासून दाखवून घेतल्याखेरीज मी कोणाचाही डोस वाढवत नाही. ही चूक फक्त आपल्याकडची नाही. जगभरातील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात इन्हेलर पूर्णपणे बरोबर घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आढळले, आणि एवढ्या वर्षांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणा झालेली दिसली नाही. तेव्हा सासूबाईंना किंवा सासऱ्यांना "तुम्हांला एवढेही जमत नाही का" असे घरात कोणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता सासूबाईंचा पंप. पंपाच्या डबीत औषध दाबाखालच्या द्रवात मिसळलेले असते आणि डबी दाबताच फवारा अतिशय वेगाने सुटतो. त्याच क्षणी श्वास आत जात नसेल, तर तो टाळ्यावर आणि घशाच्या मागच्या बाजूस आदळतो व उरलेला बाहेर येतो; आपल्याला दिसणारा धूर तो हाच. सगळे व्यवस्थित जमले तरी साध्या पंपातून फुप्फुसांत साधारण १० ते २० टक्केच औषध उतरते, म्हणून वेळ चुकली की हाती फारसे काही लागत नाही. पंप घेताना ताठ बसावे किंवा उभे राहावे. टोपण काढून तोंडाच्या भागात काही अडकलेले नाही ना, ते पाहावे, आणि पंप चार-पाच वेळा चांगला हलवावा. पंपापासून तोंड बाजूला ठेवून श्वास सावकाश, जेवढा जाईल तेवढा, बाहेर सोडावा. मग डबी वरच्या बाजूला राहील असा पंप उभा धरून तोंडाचा भाग दातांमध्ये घ्यावा, ओठ त्याभोवती घट्ट मिटावेत आणि जीभ खाली ठेवावी. तोंडाने सावकाश श्वास आत घ्यायला लागावे आणि लागताच डबी एकदाच दाबावी.

येथेच बहुतेकांचे चुकते. फवारा घशाला लागला की माणूस दचकून श्वास थांबवतो, किंवा आधी दाबतो आणि मग श्वास घेतो. दाबल्यानंतरही श्वास त्याच संथ गतीने चार-पाच सेकंद आत जात राहिला पाहिजे, छाती पूर्ण भरेपर्यंत. त्यानंतर पंप काढून, तोंड मिटून दहा सेकंद, आणि दहा झेपत नसतील तर झेपतील तितके सेकंद, श्वास रोखून धरावा, म्हणजे आत गेलेले बारीक कण नळ्यांच्या भिंतींवर बसतात. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, हे सगळे पहिल्यापासून करावे. दोन फवारे एका श्वासात घेतल्याने वेळ वाचतो, औषध मात्र वाया जाते. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आतल्या पत्रकात सांगितले असेल तितके फवारे आधी हवेत सोडावेत.

एवढे बारकावे चौसष्टाव्या वर्षी, तेही धाप लागलेली असताना, सांभाळणे अवघड आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की सासूबाईंसाठी स्पेसर घ्यावा. ही एक पोकळ नळी असते, औषधाच्या दुकानात काही शे रुपयांना मिळते, आणि तिच्या एका टोकाला पंप बसवून दुसरे टोक तोंडात धरायचे असते. फवारा आधी नळीत सुटतो, तेथे त्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब नळीतच राहतात आणि बारीक कण सावकाश ओढून घेता येतात. दाबणे आणि श्वास घेणे एका क्षणी जुळवण्याची कसरत उरत नाही. एका वेळी एकच फवारा नळीत सोडावा आणि लगेच एक दीर्घ, संथ श्वास घेऊन तो रोखावा; दीर्घ श्वास जमत नसेल तर नळी तोंडातून न काढता नेहमीसारखे चार-पाच श्वास घ्यावेत. काही स्पेसर श्वास फार जोरात घेतल्यास शिट्टी वाजवतात. ती वाजली तर गती कमी करावी. बोटांत जोर नसलेल्या माणसाचा पंप घरातील दुसऱ्या कोणी दाबला तरी चालते, हा स्पेसरचा आणखी एक लाभ. आठवड्यातून एकदा तो कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुवावा आणि उभा करून आपोआप वाळू द्यावा. कापडाने आतून पुसू नये, कारण घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार निर्माण होतो आणि पुढचा फवारा भिंतींना चिकटून बसतो. आपल्या पावसाळ्यात वाळायला दिवस लागतो, तेव्हा सकाळचा डोस झाल्याबरोबर धुतलेला बरा.

सासऱ्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि माझ्या मते आपल्या घरातला गोंधळ येथून सुरू झाला असावा. त्यांच्या यंत्रात ढकलणारा दाब नसतो; कॅप्सूलमधली पावडर आत नेण्याचे सगळे काम त्यांच्या श्वासाच्या जोराने व्हायचे असते. सासूबाईंना कोणीतरी "सावकाश ओढा" असे सांगितले असेल आणि तेच पाहून सासरेही सावकाश ओढत असतील, तर पावडर कॅप्सूलमध्येच राहणार. त्यांनी कॅप्सूल यंत्रात घालून, यंत्राच्या प्रकाराप्रमाणे ती फिरवून तोडावी किंवा भोके पाडावीत, तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडावा, आणि मग ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोरात, वेगाने आणि खोल श्वास ओढावा. नंतर दहा सेकंद रोखून धरावा. यंत्र उघडून पाहावे. पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलवर पुन्हा एकदा श्वास ओढावा. यंत्रात फुंकर कधीही मारू नये, कारण फुंकरीने पावडर उडते आणि तोंडाच्या वाफेने ती ओली होऊन गोळा होते. ही कॅप्सूल गिळायची नसते, हेही लिहून ठेवतो. गिळणारी माणसे मी पाहिली आहेत.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात मिठाच्या बरणीला जे पाणी सुटते तेच या पावडरीचे होते. कॅप्सूलची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा न्हाणीजवळ ठेवली, अथवा आठवड्याच्या कॅप्सूल एकदम काढून डबीत भरून ठेवल्या, तर पावडर दमट होते आणि कितीही जोर लावला तरी सुटत नाही. बाटलीचे झाकण घट्ट लावून ती कोरड्या जागी ठेवावी, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच आणि कोरड्या हातांनी काढावी. हे सगळे करूनही पावडर उरतच असेल, तर सासऱ्यांच्या छातीत आता तेवढा जोर राहिलेला नाही असे समजावे. सीओपीडी वाढल्यावर हे होते, आणि अशा वेळी त्यांनाही पंप व स्पेसर देता येतो. तो निर्णय डॉक्टरांनी त्यांचा श्वास पाहून घ्यायचा आहे.

पत्राच्या कडेला आपण जाता जाता लिहिले आहे की निळा पंप संपला असता सासूबाई "यांची कॅप्सूल" घेतात. हे आजपासून बंद करावे. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते आणि त्या कमी-जास्त आकसतात. सीओपीडीत धुराने आणि धुळीने झालेली हानी बरीचशी कायमची असते. म्हणून सीओपीडीत नळ्या दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध एकटे देता येते, परंतु दम्यात तसले औषध सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या जोडीशिवाय घेणे धोक्याचे आहे, कारण वरवर बरे वाटत राहते आणि आतली सूज वाढत जाते.

सासूबाईंच्या दोन पंपांतही हाच फरक आहे. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल आहे. ते काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करते, पण सुजेवर काहीच करत नाही. दुसऱ्यात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल आहे, आणि सूज उतरवणारे औषध, म्हणजे स्टिरॉइड, त्यातले ब्युडेसोनाइड. चिठ्ठीप्रमाणे तो सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फवारे, म्हणजे दिवसाला चार, घ्यायचा आहे. डबीत १२० फवारे असतात, तर तो बरोबर तीस दिवसांत संपायला हवा. शिगम्यापासून आजपर्यंत तो पुरला, याचा अर्थ सासूबाई तो क्वचितच घेतात. याउलट २०० फवाऱ्यांचा निळा पंप दीड महिन्यात संपतो, म्हणजे वर्षाला असे आठ. वर्षाकाठी तीन किंवा त्याहून अधिक निळे पंप लागणे ही पुढे तीव्र झटका येण्याची खूण मानली जाते, आणि २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत केवळ निळ्या पंपावर दमा सांभाळणे योग्य मानलेले नाही. "आतां दम लागना, मागीर पंप कित्याक?" (आता दम लागत नाही, मग पंप कशाला?) हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज कानी पडतो. दम लागत नाही त्या दिवशीही सूज असते, म्हणून. काही रुग्णांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाच पंप नियमित आणि गरजेच्या वेळीही वापरायला देतात. सासूबाईंसाठी तो मार्ग योग्य आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पंप ओळखताना मात्र रंगावर जाऊ नये, कंपनीनुसार रंग बदलतात. डबीवरचे नाव वाचावे आणि सासूबाईंसाठी त्यावर मोठ्या अक्षरांत "रोज" आणि "दम लागल्यास" असे लिहून चिकटवावे.

सवय लागण्याच्या भीतीबद्दल इतकेच सांगतो की ही व्यसनाची वस्तू नाही. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. स्टिरॉइड या शब्दानेही घाबरू नये. पंपाच्या एका फवाऱ्यात ते साधारण २०० मायक्रोग्रॅम असते. झटका आल्यावर द्यावी लागणारी प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एकच गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, वजनाने पंचवीस पट, आणि ती रक्तातून सर्व शरीरात फिरते. रोजचा पंप टाळून वर्षातून तीन-चार वेळा गोळ्यांची पाळी आणणे हे स्टिरॉइड टाळणे होत नाही. पंपातील स्टिरॉइड घशात राहिल्यास आवाज बसतो किंवा तोंडात पांढरी बुरशी येते, म्हणून प्रत्येक वेळी पाण्याने खळखळून चूळ भरावी, घशात गुळणी करावी आणि पाणी थुंकून टाकावे.

नेब्युलायझर घेण्याची सध्या गरज दिसत नाही. मशीनची वाफ जोरदार वाटते, पण सौम्य व मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर तितकेच काम करतात, आणि वीज गेली तरी करतात.

झटका आला तर सासूबाईंना आडवे करू नये, किंचित पुढे वाकवून बसवावे आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास निळ्या पंपाचे फवारे स्पेसरमधून एकेक करून, अर्ध्या ते एका मिनिटाच्या अंतराने द्यावेत. चारांनी सुरुवात करून गरज पडल्यास दहापर्यंत जावे. तेवढ्याने आराम पडला नाही तर १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पंप देत राहावा. वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुंगी येत असेल, तर फवारे मोजत बसू नये, आधी फोन करावा.

आपण लिहिता की स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते आणि ओल्या लाकडांचा धूर घरभर होतो. घरातील दोघांनाही हा धूर घातक आहे. सासूबाईंनी आयुष्यभर चुलीपुढे काढलेली वर्षे लक्षात घेता त्यांना दम्याच्या जोडीने सीओपीडीही असू शकतो, तेव्हा दोघांचीही स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, एकदा करून घ्यावी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ती होते. सासऱ्यांनी विडी पूर्ण सोडल्याशिवाय कोणतेही यंत्र त्यांना पुरे पडणार नाही. दोघांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही विचारावे. पुढच्या भेटीला जाताना दोन्ही पंप, स्पेसर, यंत्र आणि कॅप्सूल पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष घेऊन दाखवावे. त्यांनी मागितले नाही तरी आपण म्हणावे, "बघता का, बरोबर घेतात का ते?" आणि हे दर भेटीत करावे, कारण एकदा शिकलेली रीत काही महिन्यांत नकळत बिघडते.

चवथीला घरात फटाके लावू नयेत, धूप आणि अगरबत्ती देवापुढे बेताने लावावी, आणि आरतीच्या वेळी सासूबाईंना खिडकीजवळ बसवावे. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात तेव्हा दोघांनी दारे-खिडक्या लावून घरातच थांबावे. "रोज"चा पंप आजपासून सुरू केला तर चवथीपर्यंत सूज बरीच उतरलेली असेल.

आणि पंप कपाटातून आजच बाहेर काढावा. सासूबाई झोपतात त्या भिंतीवर, नातवंडांचा हात पोचणार नाही पण त्यांचा स्वतःचा पोचेल अशा उंचीवर, एक फळी ठोकून घ्यावी आणि निळा पंप टोपण लावून स्पेसरसकट तेथे ठेवावा. टोपण लावणे विसरू नये, नाहीतर आत काही शिरले तर ते फवाऱ्याबरोबर घशात जाते. घरातील प्रत्येकाला ती जागा अंधारातही सापडली पाहिजे. चवथीला पाहुण्यांसाठी खोली आवरताना ती फळी कोणी रिकामी करू नये, एवढे सर्वांना सांगून ठेवावे.